आमच्या घराची घरघर

खालच्या मजल्यावरच्या काकू एका रविवारी दुपारी दोन किलो ज्वारी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. स्टीलचा डबा, घट्ट झाकण, झाकणावर नेलपॉलिशने लिहिलेलं आडनाव.

"घरघंटी घेतलीत आणि बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढी बारीक दळून द्या हो. गिरणीवाला मेला गव्हावरच ज्वारी टाकतो."

आमच्याकडे घरघंटी नाही. आमच्याकडे व्हिडिओ गेमचं कन्सोल आहे. चार वर्षांपूर्वी चिरंजीवांच्या मुंजीत जमलेल्या पाकिटांतून ते घेतलं आणि तेव्हापासून ते आमच्या हॉलमध्ये, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये राहतं. हे मी काकूंना सांगितलं, पण त्यांना ती दळण टाळायची सबब वाटली. शेवटी चिरंजीवांनी त्यांच्यादेखत यंत्र चालू केलं आणि एका पुलावर कसली तरी लढाई सुरू केली. थोड्याच वेळात घरघर चढू लागली तशी काकूंनी डबा छातीशी धरला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हाच तो आवाज! आमच्या पलंगाच्या बरोबर वर येतो." जाताना जिन्यात थांबून मागे वळल्या. "एवढी वीज खातंय, एवढा आवाज करतंय, तर दळून तरी द्यायला हवं होतं."

त्या दिवशी मी मनावर घेतलं. तोवर तो आवाज घरचाच झाला होता. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला आवाजाचं वावडं असून चालत नाही. पाण्याचा पंप, कुकर, मिक्सर, स्टेशनवरची उद्घोषणा, सोसायटीतली बोअरिंगची मोटार, हे सगळं कानाआड करूनच तो मोठा झालेला असतो. पण या आवाजाचा स्वभाव वेगळा होता. यंत्र चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं ते देवळातल्या गुरवासारखं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं. मग गेममध्ये पाऊस आला, गवत हललं, शत्रू दोनाचे चार झाले, की स्वर चढायचा. पंधराव्या मिनिटाला मिक्सरवर सुकं खोबरं वाटण्याच्या पट्टीला पोचायचा, जरा उतरायचा, आणि आपण सुटकेचा श्वास घेतो न घेतो तोच पुन्हा वर. एका सुरातला आवाज कान विसरून जातो. खालीवर होणाऱ्या आवाजाकडे मात्र तो टवकारलेलाच राहतो. छताचा पंखा रात्रभर खटखटतो तरी आपण झोपतो, पण नळ मध्येच एक थेंब सोडतो तेव्हा जागे होतो, तसंच.

गंमत म्हणजे सगळ्यात मोठा आवाज लढाईत यायचा नाही, नकाशा उघडल्यावर यायचा. समोर नुसता पिवळट कागद, त्यावर चार डोंगर नि एक नदी, काही हलत नाही, आणि यंत्र मात्र जीव खाऊन पळतंय! याचं कारण कळलं तेव्हा मला माझी बँक आठवली. लढाईचं चित्र अवघड असतं, ते काढण्यात यंत्र गुंतून पडतं. नकाशा सोपा असतो, चटकन काढून होतो, आणि सेकंदाला किती वेळा काढायचा याला गेम करणाऱ्याने लगाम घातला नसेल तर यंत्र तोच नकाशा शेकडो वेळा पुन्हा पुन्हा काढत बसतं. २०१० साली स्टारक्राफ्टचा दुसरा भाग आला तेव्हा त्याच्या साध्या मेनूच्या पडद्यांवर लोकांचे संगणक असेच तापले होते आणि वेगाला लगाम कसा घालायचा हे ब्लिझार्ड कंपनीलाच लोकांना कळवावं लागलं होतं. आमच्या शाखेतही असे दोघे आहेत. पगाराच्या दिवशी काउंटरवर गर्दी असते तेव्हा शांत असतात, आणि दुपारी कोणी नसलं की त्यांच्या फायली हलवण्याचा आवाज मॅनेजरच्या केबिनपर्यंत जातो.

आईचं निदान सरळ होतं. "दमा आहे त्याला," ती म्हणायची. तिच्या वडिलांना होता, त्यामुळे तिला श्वास ओळखता येतो. बायकोचं म्हणणं, विकून टाका. चिरंजीवांचं म्हणणं, इतका आवाज नॉर्मल आहे.

मी बँकेतला माणूस. आकडा मिळाल्याशिवाय माझं मत होत नाही. मोबाईलवर आवाज मोजायचं एक ॲप उतरवलं. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत; त्यांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. हा कायदा परिसराचा आहे, हॉलच्या शोकेसला तो लागू नाही, पण धाक दाखवायला बरा. यंत्रापासून हातभर अंतरावर ५६ आले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोबाईलचं काय खरं धरता?" त्या वाक्याला ७१ आले, तेव्हा तो विषय मी वाढवला नाही.

नोंद करायला भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे गेलो, तर चौकटीत आईने आधीच पेन्सिलीने बारीक आकडे घातलेले. १.२०, २.१०, १.३५. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, कामवालीच्या सुट्ट्या ती तिथेच लिहिते. आपल्याकडे दूध इतकं कमीजास्त का येतं, असा प्रश्न मनात येऊन गेला, पण सुट्टीच्या दिवशी मी आकड्यांच्या फार खोलात जात नाही. शेजारी ५६ लिहून मोकळा झालो.

खरं तर माझी पिढी याच धंद्यात फुंकर मारत वाढलेली. नव्वदच्या दशकात आमच्याकडे जी यंत्रं यायची ती जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असायची. पिवळी कॅसेट, तिच्यावर एकात ९९९ गेम असल्याचा दावा, आणि आत फिरून फिरून तेच सहा. कॅसेट चालली नाही की ती काढायची, खालच्या फटीत मनापासून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. चालायची! वाड्यात कुणाची फुंकर लागू पडते हे ठरलेलं होतं. एका मुलाला तर लोक घरून बोलवायला यायचे. पुढे कळलं की फुंकरीने काही होत नव्हतं, काढून पुन्हा बसवल्याने धातूचे टाके नीट जुळत, इतकंच. उलट तोंडातल्या ओलीने ते टाके गंजतात, म्हणून फुंकू नका असं खुद्द निन्टेन्डोच सांगायची. आमची सगळी वैद्यकी खोटी निघाली.

पण एक आहे, त्या यंत्राला पंखा नव्हता. गरजच नव्हती. त्याचा प्रोसेसर सेकंदाला १८ लाखांच्याही जरा कमीच ठोके द्यायचा. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५चा प्रोसेसर ३.५ अब्जांपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ दोन हजार पट, आणि त्यात असे आठ गाभे. चित्र काढणारा भाग वेगळाच. तेव्हा यंत्राला फुंकर आम्ही मारायचो. आता यंत्र आम्हाला मारतं, तीही गरम.

ती गरम का, हे समजायला मला आमच्या घरचाच हिशेब उपयोगी पडला. आजचं मोठं कन्सोल खेळ ऐन रंगात आला की दोनशे वॅटच्या आसपास वीज खातं. त्या विजेचं पुढे काय होतं? यंत्र काही पाणी चढवत नाही की ज्वारी दळत नाही. तारेतून टीव्हीकडे जे जातं ते नगण्य. जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच होते. आता, शांत बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे मी दोन धडधाकट पाहुणे शोकेसच्या काचेच्या कप्प्यात कोंबून बाहेरून दार सरकवलं होतं आणि वर तक्रार करत होतो की हे धापा टाकतात.

शिवाय त्या पाहुण्यांच्या अंगावर पांघरूण होतं.

आमच्या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला कव्हर आहे, शिलाई मशीनला आहे, इस्त्रीला आहे, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आहे, आणि एकदा माझा एक सहकारी जेवायला आला तेव्हा तो हात धुऊन येईपर्यंत त्याच्या लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल पडला होता. कन्सोल घरी आल्याच्या आठवड्यात आईने जुन्या इरकल साडीचं कव्हर शिवलं. काठ पुढच्या बाजूला, बटणापाशी काज, मागे वायरींसाठी भोक, त्यालाही काजटाका. मापात इतकं नेमकं की कंपनीनेच दिल्यासारखं. दोन्ही बाजूंच्या जाळ्या मात्र पूर्ण बंद, कारण "तिथूनच धूळ जाते." यात खोटं काही नव्हतं. धूळ तिथूनच जाते. हवाही तिथूनच जाते. चिरंजीव खेळताना कव्हर फक्त पुढून वर सारायचे, डोक्यावरून पदर मागे घ्यावा तसं. पुरतं काढायचा त्यांना कंटाळा.

मी आईला समजावताना एक चूक केली. तिला एक्सबॉक्स ३६०ची गोष्ट सांगितली. २००५ साली ते यंत्र आलं आणि काही काळाने घरोघरी त्याच्या तोंडावर तीन लाल दिव्यांचं कडं पेटायला लागलं, म्हणजे कारभार आटोपला. तापणं-निवणं, तापणं-निवणं, या फेऱ्यात आतले बारीक सांधे तडकत होते. शेवटी जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने या दुखण्यापुरती हमी तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली. आणि तोवर लोक काय करत होते? बंद पडलेलं यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून तसंच चालू ठेवत. ते आत भरपूर तापे, तडकलेला सांधा कधीमधी तात्पुरता जुळे, आणि यंत्र उठून बसे. थोडा वेळ चाले, मग कायमचं जाई.

आई सगळं शांतपणे ऐकत होती. "म्हणजे तिकडेही झाकतात," ती म्हणाली.

"अगं, पण मेलं ना ते!"

"टॉवेलने मेलं. हे साडीचं आहे."

चिरंजीवांचा तोडगा वेगळा होता. दहावीच्या उंबरठ्यावर असलेल्या या मुलाला त्रिकोणमितीतलं एक सूत्र सलग म्हणता येत नाही, पण पंख्याचं शास्त्र त्याने मला वहीत आकृत्या काढून शिकवलं. मला ते पटलं, कारण तो शुद्ध सावकारी हिशेब आहे. पंखा दुप्पट वेगाने फिरवला तर हवा दुप्पट मिळते. इथपर्यंत व्यवहार बरोबरीचा. पण त्यासाठी वीज आठपट लागते, आणि आवाज पंधराएक डेसिबलने वाढतो, जो कानाला जवळजवळ तिप्पट वाटतो. मुद्दल दुप्पट, व्याज तिप्पट. म्हणून शहाणे लोक लहान पंखा पळवत नाहीत, मोठा पंखा हळू फिरवतात. प्लेस्टेशन ५च्या पोटात १२० मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर जाड असा पंखा आहे, त्याच साली आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या माथ्यावर १३० मिलिमीटरचा. प्लेस्टेशनचं ३९ सेंटिमीटर उंच, साडेचार किलोचं धूड पाहून जग हसलं होतं, पण ती जागा बरीचशी आवाजासाठी मोजलेली किंमत आहे. ते यंत्र बाजारात यायच्या आधी सोनीचे अभियंते यासुहिरो ओतोरी यांनी स्वतः एक नग उघडून दाखवला होता. आतली चिप आणि उष्णता वाहून नेणारा भाग यांच्यामध्ये नेहमीच्या मलमाऐवजी द्रवरूप धातू आहे आणि त्याची तयारी दोन वर्षांहून अधिक चालली होती, हे त्यांनी सांगितलं. धूळ साठायला दोन वेगळे कप्पे, तिथे व्हॅक्यूम क्लीनर लावला की झालं.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही, बाबा. नुसतं सांगितलं," म्हणून त्याने वही मिटली. मिटताना शेवटच्या पानावर हप्त्यांची आकडेमोड दिसली.

नवीन घ्यायचं नाही, आहे तेच उघडून साफ करायचं, असं मी जाहीर केलं. मला वाटलं, आता तोंड वाकडं होईल. तर हा उत्साहाने उठला आणि त्याच्या दप्तराच्या तळातून एक पेचकस काढून माझ्यासमोर ठेवला. चांदणीच्या तोंडाचा, मधोमध भोक असलेला. या यंत्रांचे स्क्रू घरच्या पेचकसाने उघडू नयेत म्हणून मुद्दाम तसे करतात. स्वतःचे मोजे सापडत नाहीत म्हणून शाळेत उशिरा जाणाऱ्या मुलाकडे हा पेचकस तयार होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण बाप आणि मुलगा मिळून काहीतरी करतायत या कल्पनेने माझा गळा जरा दाटून आला होता.

उघडण्याआधी मी एक प्रयोग केला, तो माझ्या स्वतःच्या डोक्यातला होता याचा मला अभिमान आहे. कव्हर काढून यंत्र शोकेसमध्येच चालू केलं आणि एक उदबत्ती लावून त्याच्याभोवती फिरवली. धूर बाजूच्या जाळीतून आत जावा आणि मागून बाहेर पडावा. आमचा धूर मागून बाहेर पडत होता, शोकेसच्या फळीवर आपटत होता, वळून पुढे येत होता आणि बाजूच्या जाळीतून पुन्हा आत जात होता. यंत्र चार वर्षं आपलाच उच्छ्वास श्वास म्हणून घेत होतं! हा शोध मी ओरडून सांगणार, तेवढ्यात मागे आई उभी दिसली. तिने यंत्राला हात जोडले होते.

"घंटा पण वाजव," ती म्हणाली.

ऑपरेशन जेवणाच्या टेबलावर झालं. खाली जुनी चादर, वर ट्यूबलाइट, पंखा बंद, मे महिना. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि कुठला कुठून काढला हे विसरलं की संपलं, म्हणून मी मिसळणाचा डबा रिकामा करून आणला. सात वाट्या, प्रत्येक थराला एक. याबद्दल बायको जे बोलली ते इथे देत नाही. तीन दिवसांनी बटाट्याच्या भाजीत कढीपत्त्याखाली एक छोटा काळा स्क्रू निघाला तेव्हा तिने तो नुसता ताटाच्या कडेला काढून ठेवला, त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

झाकण निघालं आणि आम्ही तिघंही गप्प झालो. पंख्याची पाती दिसतच नव्हती. त्यांच्यावर करड्या रंगाची मऊ गोधडी पसरली होती. पलीकडे, जिथून गरम हवा बाहेर जायची तिथे धातूच्या बारीक पट्ट्या एकीला एक लागून उभ्या असतात. त्यांच्या तोंडाशी तर धुळीचा नमदा जमून तो चक्क उचलून काढता आला, चौकोनी, जाड, फ्रेम करून भिंतीवर लावण्याजोगा. आमच्यासमोरच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण चार वर्षं चाललंय, त्याची सगळी हकीकत त्यात होती. एक झुरळ होतं, वाळलेलं. झुरळांना उबेची आवड असते आणि यंत्राच्या पोटासारखी ऊब डोंबिवलीत दुसरीकडे कुठे मिळणार? आणि तळाशी, पंख्याच्या खोबणीत, तांबूस रंगाचे सहासात तांदूळ.

"अक्षता," आई म्हणाली. "दसऱ्याच्या."

दर खंडेनवमीला आमच्याकडे माझी स्कूटर, बायकोचा लॅपटॉप, शिलाई मशीन आणि हे कन्सोल, सगळ्यांची पूजा होते. मागच्या वर्षी त्याच्यावर अक्षता टाकताना पंखा चालू होता म्हणे. देवाला वाहिलेलं त्याने लगेच ओढून घेतलं, त्याचं आईला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

चिरंजीवांचं काम मी नुसता बघत राहिलो. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा मारायच्या आधी त्याने पंख्याच्या पात्यांत आइस्क्रीमची काडी अडकवली. "मोकळा सोडला तर भलत्या वेगाने फिरतो, बाबा, बेअरिंग जाते. शिवाय फिरणारी मोटर उलटी वीज करते, ती बोर्डात शिरते." व्हॅक्यूम क्लीनर त्याने जवळ येऊ दिला नाही, स्थिर विजेच्या भीतीने. चिपवरचं जुनं मलम काढलं. ते पानवाल्याच्या डबीच्या काठाला सुकलेल्या चुन्यासारखं झालं होतं, नखाने टवके निघत होते. चिप आणि धातू दोन्ही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये केसाहून बारीक फटी असतात, त्यांत हवा राहते, आणि हवेतून उष्णता लवकर जात नाही. ते मलम त्या फटी बुजवायला. स्पिरिटने पुसून त्याने नवीन लावलं, तांदळाच्या दाण्याएवढं.

"एवढंसंच?" आईने विचारलं. "आणखी घाल की. कंजूषपणा कशाला?"

"आजी, जास्त घातलं तर उष्णता अडते."

आईला हे पटलं नाही. तिच्या हातच्या पुरणपोळीला वर तूप घालताना ती कधी थांबलेली नाही.

रात्री साडेनऊला यंत्र पुन्हा जोडलं. शोकेसच्या आत नव्हे, वरच्या उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून. चालू केलं. पुलावरची लढाई झाली, पाऊस झाला, शत्रू झाले. नकाशा उघडून दहा मिनिटं तसाच ठेवला. मी कान लावला तेव्हा आत कोणीतरी दूरवर सूप पाखडतंय, एवढंच ऐकू आलं. ॲपने ४२ दाखवले आणि त्यातले बरेचसे खिडकीखालच्या रिक्षांचे असावेत. चिरंजीवांनी मला मिठी मारली. सातवीपासून त्याने मला मिठी मारली नव्हती. इरकलीचं कव्हर धुऊन, घडी घालून कपाटात गेलं. खाली काकूंना फोन करून मी ही बातमी दिली, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं हो," पण आवाजात उत्साह नव्हता; दळणाची एक शेवटची आशा त्यांनी अजून धरून ठेवली असावी.

चौथ्या दिवशी सकाळी पोहे खाताना आई गप्प गप्प होती. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही शहाणे लोक. आता मला कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

"हा किती वाजता झोपतो ते."

चिरंजीव हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. आईच्या खोलीची आणि शोकेसची भिंत एक. मी ताट ठेवून कालनिर्णयापाशी गेलो. १.२०. २.१०. १.३५. दुधाचा काहीही संबंध नव्हता. एप्रिलचं पान उलटून पाहिलं, मार्चचं पाहिलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी १२.५० होतं, म्हणजे त्या दिवशी पोरगा लवकर झोपला होता. घरघर थांबली की आई घड्याळ बघायची आणि उशाखालच्या पेन्सिलीने जुन्या लग्नपत्रिकेवर आकडा टिपून ठेवायची, सकाळी चौकटीत उतरवायची. कुणाला बोलली नव्हती. "वय आहे त्याचं," ती म्हणाली, "पण आपल्याला ठाऊक असलेलं बरं." रविवारच्या ऑपरेशननंतरच्या चौकटी मात्र कोऱ्या होत्या.

मी वळून चिरंजीवांकडे पाहिलं. ते पोह्यांतले शेंगदाणे मोजत होते. हळूहळू सगळं बाहेर आलं. हेडफोन होते, टीव्हीचा उजेड कमी केलेला असायचा, आमच्या दाराच्या फटीशी पायपुसणं सरकवलेलं असायचं. बंदोबस्तात एकच फितूर होता, तो म्हणजे पंखा. पेचकस त्याने जानेवारीतच खाऊच्या पैशांतून घेतला होता. एकट्याने उघडायचा धीर होत नव्हता इतकंच. ती मिठी कशाची होती, हे मला तेव्हा समजलं.

पण मीही शिकलो होतो. आवाज दडवता येतो, दोनशे वॅट कुठे दडवणार? त्या रात्री दोन वाजता मी उठलो, अंधारात हॉलमध्ये गेलो. चिरंजीव तोंडावर चादर घेऊन घोरत होते, जरा जास्तच नियमित. मी यंत्रावर तळहात ठेवला, लहानपणी याच्या कपाळावर ठेवायचो तसा. कोमट होतं.

सकाळी पुरावा मांडला. त्याने डोळ्यांची पापणी न हलवता सांगितलं, "अपडेट उतरत होतं, बाबा. रेस्ट मोडमध्ये ते रात्री आपोआप उतरतं." हे खरं आहे, तसं होतं. मी पडद्यावर जाऊन पाहिलं, तर खरोखरच एक भलंमोठं अपडेट रात्रीत उतरलेलं. बँकेत असतो तर फाइल बंद करून सही केली असती.

आई हे सगळं भाजी निवडत ऐकत होती. "मला एक सांग," ती म्हणाली, "भिंतीतलं बटण बंद असेल तेव्हा ते झाकलं तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. "मग तापायचा प्रश्नच नाही. धूळही बसणार नाही."

त्या रात्री अकरा वाजता आईने स्वतः भिंतीवरचं बटण बंद केलं, कपाटातून इरकलीचं कव्हर काढलं, यंत्रावर चढवलं, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्याला चार निऱ्या घालून त्या काठाखाली खोचल्या. तिच्या पद्धतीने, नऊवारी नेसणाऱ्या बाईच्या बोटांनाच जमतील अशा, शेवटची निरी उलटी. सकाळी पोह्यांआधी ती तिकडे जाऊन आली आणि कालनिर्णयावर एक बारीक फुली मारली. दुसऱ्या दिवशी फुली. तिसऱ्या दिवशी फुली.

पाचव्या दिवशी ती यंत्रापाशी बराच वेळ उभी राहिली, चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं. मी जवळ गेलो. चारही निऱ्या जागच्या जागी होत्या, शेवटची उलटी. फक्त त्या आईच्या निऱ्यांपेक्षा जास्त सारख्या आल्या होत्या.